इंग्रजीला येडी म्हणण्याआधी 'गाईला चार पेंढ्या चार' हे वाक्य मोठ्याने वाचा

तिलकनगरची_मास्तरीण

काल 'भुट्ट्याचा_कीस' यांनी टाकलेली पोस्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. त्यांच्या सातवीतल्या मुलाने धड्यात पाइपच्या वाक्यात एल-ई-ए-डी दिसल्यावर 'लीड' वाचलं, मॅडम म्हणाल्या इथे 'लेड', म्हणजे शिसं. पुढच्या धड्यात त्याने शहाण्यासारखं 'लेड' वाचलं तर म्हणाल्या इथे 'लीड', म्हणजे पुढे होऊन नेणं. वर्ग हसला, पोरगं रडत घरी आलं. मग बाबांनी निकाल दिला की इंग्रजी ही येडचाप भाषा आहे, गोऱ्यांनी दारू पिऊन बनवलेली, आणि आपली मराठी बघा, जसं लिहितो तस्सं बोलतो, एका अक्षराला एकच आवाज, विषय संपला. खाली सगळे टाळ्या पिटून मोकळे.

विषय संपलेला नाही. मी अख्खी नोकरी इंदूरच्या पोरांना इंग्रजी शिकवण्यात घालवली, आता रिटायर होऊन घरी ट्यूशन घेते, त्यामुळे हे 'येडी भाषा' प्रकरण दर जूनला नव्याने ऐकते आणि दर जूनला माझं डोकं फिरतं.

एक तर हे 'एकाच शब्दाचे दोन उच्चार' नाहीतच. अश्रूवाला टिअर आणि फाडण्याचा टेअर यांचं एकमेकांशी काही नातं नाही, जुन्या इंग्रजीतही ते वेगळेच शब्द होते, स्पेलिंग तेवढं नंतर सारखं झालं. इंग्लंडात कॅक्सटनने छापखाना घातला १४७६ ला, आणि साधारण १४०० ते १७०० या काळात त्या लोकांचे दीर्घ स्वर एकामागोमाग एक बदलत चालले होते. म्हणजे छापणारे खिळे जुळवून मोकळे झाले आणि बोलणारे पुढे निघून गेले. १७५५ ला जॉन्सनची डिक्शनरी आली तोवर स्पेलिंग बऱ्यापैकी गोठलेलं होतं. लेडचंच घ्या ना, ब्रेड, डेड, हेड यांचा स्वर पूर्वी लांब होता, शेवटच्या डी च्या आधी तो आखूड झाला, लेड त्यांच्याच रांगेतला. नेण्याचा लीड मात्र लांबच राहिला. वाऱ्याचा विंड आणि गुंडाळण्याचा वाइंड, तिथेही तसंच, आणि जुने इंग्रज कवी तर वाऱ्यालासुद्धा वाइंड धरून काइंड, बिहाइंडशी यमक जुळवायचे.

दुसरं, बऱ्याच जोड्यांना सरळ नियम आहे. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्या. रेकॉर्ड मोडला, पण आवाज रिकॉर्ड केला. वाढदिवसाला प्रेझेंट दिलं, पण प्रोजेक्ट प्रिझेंट केला. ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू, अब्जेक्ट म्हणजे हरकत घेणं. हे वर्गात कोणी सांगत नाही, नुसत्या याद्या पाठ करून घेतात.

तिसरं आणि मुख्य. 'चला, वाइंड-अप करा' हे इंदूरच्या दुकानात, ऑफिसात, लग्नाच्या हॉलवर सगळे म्हणतात, 'विंड-अप' कोणी म्हणत नाही. तेच लोक डिसेंबरात विंडचीटर घालतात, 'वाइंडचीटर' नाही. स्पेलिंग एकच आहे हे त्यांच्या गावीही नसतं, कारण हे शब्द कानाने आले. जे नुसते डोळ्याने आले, पुस्तकातून, तिथेच पाय घसरतो. तेव्हा दोष भाषेचा नाही, ऐकवल्याशिवाय वाचायला लावणाऱ्यांचा आहे.

आणि मराठी म्हणाल तर 'गाईला चार पेंढ्या चार'. पहिला चार आणि शेवटचा चार एकसारखा म्हणून दाखवा. 'तो आपली जात सांगत जात होता.' 'जगात कुठेही जा, पाण्याचा जग मागा.' अक्षर तेच, आवाज दोन, अर्थ दोन. आता वाजवा टाळ्या.

भुट्ट्याचा_कीस

मास्तरीणबाई नमस्कार. मी सहा ओळी लिहिल्या होत्या, तुम्ही प्रबंध लिहिलात, त्याबद्दल आभार. आता माझं ऐका. मराठीत असे किती? तुम्ही तीन दिले, अजून जोर लावला तर दहा निघतील. इंग्रजीत बसल्या बसल्या सांगतो: धनुष्य असेल तर बो, वाकून नमस्कार केला तर बाव. ओळ असेल तर रो, भांडण असेल तर राव. वाळवंट डेझर्ट, सोडून पळणं डिझर्ट. घड्याळातलं मिनिट, बारीकसं असेल तर मायन्यूट. जखम वूंड, गुंडाळलं तर वाउंड. बूटाला पॉलिश, पोलंडचा असेल तर पोलिश. आणि सगळ्यात कहर, लीडचा भूतकाळ एल-ई-डी लिहायचा, मग रीडचा भूतकाळ आर-ई-डी लिहा की, तर नाही, तो आर-ई-ए-डीच ठेवायचा आणि वाचायचा मात्र रेड. ह्याला येडेपणा नाही तर काय म्हणायचं?

आणि कॅक्सटनने १४७६ ला काय केलं याचे माझ्या पोराला मार्क मिळणार आहेत का? मराठीत 'जात' चुकलं तर घरात हसतात आणि विसरतात. इंग्रजीत चुकलं तर नोकरी जाते. फरक तो आहे. तुम्ही भाषेची वकिली करताय, मी पोराची करतोय.

सराफा_रात्री_दोन

आमच्या कॉलेजात सरांनी एस-ई-डब्ल्यू-ई-आर चा उच्चार अगदी बरोब्बर केला. सूअर. म्हणजे गटाराची लाइन. 'एव्हरी सिटी नीड्स अ गुड सूअर' एवढंच म्हणाले आणि मागचे दोन बेंच जमिनीवर. भिया, इंदूरमध्ये सगळे 'सीवर' म्हणतात आणि तेच बरंय. स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात नंबर एक आलेलं शहर, आता काय बोर्ड लावायचे का 'आगे सूअर का काम चालू है'? वर ह्याच स्पेलिंगचा दुसरा सोअर, म्हणजे शिवणारा. आणि खरी डुकरीण ती साव, तिचं स्पेलिंग परत पेरण्याच्या सो चं. मी सिव्हिल सोडून बीकॉमला आलो त्याचं निम्मं कारण हे.

पीथमपूर_बी_शिफ्ट

मास्तरीणताई, नियमवाला पॉइंट अर्धाच खरा आहे हं. रिपोर्ट घ्या. नाम पण रिपोर्ट, क्रियापद पण रिपोर्ट, जोर दोन्हीकडे मागेच. सपोर्ट, कंट्रोल, रिस्पेक्ट सगळे तसेच. तुमच्या नियमाने मी उद्या 'रेपोर्ट' म्हणत मीटिंगमध्ये गेलो तर लोक पाणी विचारतील.

आता माझी गोष्ट. मी रंगाच्या कारखान्यात क्वालिटीला होतो, नाव नको. घरात लावायच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर चालत नाही, २०१६ चा नियम आहे, त्यामुळे प्रत्येक बॅचचा टेस्ट रिपोर्ट. कागदावर वरच मोठ्या अक्षरात दोन शब्द, एल-ई-ए-डी आणि सी-ओ-एन-टी-ई-एन-टी. दोन्ही शब्द असेच दोन उच्चारांचे. पहिला लीड का लेड, दुसरा कॉन्टेंट म्हणजे प्रमाण का कन्टेंट म्हणजे समाधानी. मी बाहेरच्या कस्टमरसमोर कॉलवर आत्मविश्वासाने 'लीड कन्टेंट' वाचत गेलो. तिकडून शांतता. मग त्या बाईने अगदी सौम्य आवाजात परत सांगायला सांगितलं. मी परत तेच. आमच्या मॅनेजरने माइक बंद करून सगळ्यांसमोर 'लेड रे लेड, इंजिनिअर ना तू?' असं विचारलं, आणि त्या वर्षी अप्रेझलच्या फॉर्मवर 'कम्युनिकेशन' समोर जे लिहिलं गेलं ते अजून डोळ्यासमोर आहे. रिपोर्ट बरोबर होता, बॅच बरोबर होती, आकडे बरोबर होते. एक स्वर चुकला.

आणि तुम्ही कान कान म्हणताय ना, कोणाचा कान? माझ्या आजूबाजूला प्लांटमध्ये झाडून सगळे 'लीड'च म्हणायचे. कानानेच शिकलो होतो मी ते!

इन्व्हर्टरवाला

माझं बॅटरीचं दुकान आहे. आमच्या लाइनीत लीड ॲसिडच म्हणतात, कंपनीचा सेल्समन पण लीड म्हणतो, भंगारवाला पण. एकदा भाच्याने दुकानात बसून गिऱ्हाइकाला 'लेड ॲसिड' सांगितलं तर तो म्हणे मला एलईडी नाही पाहिजे, बॅटरी पाहिजे. ही बॅटरी १८५९ ला फ्रेंच माणसाने काढलेली आहे, तो शिशाला 'प्लों' म्हणत असणार. मग आपण काय प्लों ॲसिड म्हणायचं का? इथे जे चालतं ते बरोबर.

तिलकनगरची_मास्तरीण

@इन्व्हर्टरवाला दुकानात तुम्ही काहीही म्हणा, मी कुठे पोलीस आहे. पेन्सिलीतल्या काडीलाही सगळे लीड म्हणतात, ती तर लेड पण नाही, ग्रॅफाइट आहे, लोकांना आधी ते शिसंच वाटलं म्हणून नाव पडलं.

@पीथमपूर तुमच्या मॅनेजरचा राग मला आला, तुमचा नाही. पण बघा, तुमची गोष्ट माझ्याच बाजूने आहे. प्लांटमध्ये पहिल्यांदा कोणीतरी तो शब्द कागदावर वाचला, डोळ्याने, आणि मग सगळ्यांनी त्याचं ऐकलं. रिपोर्ट-सपोर्टचं मान्य, नियमाला अपवाद आहेत. पण अपवाद आहेत म्हणून नियमच शिकवायचा नाही हे कुठलं लॉजिक?

@भुट्ट्याचा_कीस नोकरी जाते ती भाषेमुळे नाही, हसणाऱ्यांमुळे जाते. तुमच्या मुलाच्या वर्गात त्या मॅडमनी आधी वाक्याचा अर्थ विचारला असता ना, तर मुलाने उच्चार आपोआप बरोबर केला असता. 'पाइप कशाचा आहे?' एवढं विचारायचं.

भुट्ट्याचा_कीस

म्हणजे आधी अर्थ कळायला पाहिजे, मग वाचता येणार. आणि अर्थ कळायला आधी वाचायला पाहिजे. वा! ह्याच्यासाठी मी शाळेची फी भरतोय.

मोडीवाले_नाना

सगळे पोरकट वाद चाललेत. लिपी ही वाचणाऱ्याच्या अकलेवर विसंबूनच असते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणजे दिवसाचा दिन आणि गरीब दीन सारखेच लिहिलेले. तरी होळकर दरबारचे कारकून घडाघडा वाचत होतेच ना? कारण त्यांना मामला माहीत असायचा. आणि हे जे 'चार' चार म्हणताय, जुन्या कागदांत तो आकडा 'च्यार' असा लिहिलेला सापडतो, म्हणजे आमच्या लोकांना फरक कळत होता आणि ते लिहीतही होते. तुम्ही लोकांनी तो 'य' खाल्लात.

आणि खाण्यावरून आठवलं, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुस्वार खाल्ले त्याचं काय? नांव म्हणजे नाम आणि नाव म्हणजे होडी, कसा लख्ख फरक होता. आता 'त्याचे नाव बुडाले' वाचलं तर त्याने मागे कर्ज ठेवलं का होडी, कळायला मार्ग नाही. म्हणे उच्चारात नाही म्हणून लिहायचा नाही. मग उच्चारात दोन 'च' आहेत ते का नाही लिहीत? तिथे ठिपका द्यायला कोणाची हरकत होती? ह्याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. मुंबई-पुण्यात बसून नियम करायचे आणि आम्ही माळव्यात पाळायचे.

सराफा_रात्री_दोन

नाना, होडी असती तर 'बुडाली' असतं ना. 'त्याचे बुडाले' म्हणजे नावच.

मोडीवाले_नाना

उदाहरण चुकलं म्हणून मुद्दा चुकत नाही. 'ध चा मा' एका अक्षराने झाला आणि नारायणराव पेशवा गेला, १७७३ ला. अक्षराची किंमत आम्हाला शिकवू नकोस.

पीथमपूर_बी_शिफ्ट

नाना ती आख्यायिका आहे, आणि तिथे अक्षर बदललं होतं. इथे अक्षर तेच राहून आवाज बदलतोय. उलटं आहे.

मोडीवाले_नाना

बरं. उलटं. खुश?

पुण्यात_अडकलेला

नानांनी पुणं काढलंच आहे तर बोलतो. मी इंदूरचा, हिंदी मीडियम, घरात मात्र मराठीच, आजीच्या हाताखाली वाढलेलो. बोलताना माझा च, ज सगळं व्यवस्थित. आजी म्हणताना वेगळा ज, आजोबा म्हणताना वेगळा, कधी विचारही केला नाही. इथे सोसायटीच्या गणपतीत मला माइक दिला, कोणीतरी लिहिलेली सूचना वाचायची होती. 'ज्येष्ठ मंडळी प्रसादाला जात असल्याने रांग सोडावी.' मी वाचली. आणि माझ्या तोंडून तो ज हिंदीतला आला. जात. कास्टवाली. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी 'अय्या' केलं, मागे पोरं खिंकाळली, आणि तेव्हापासून मी 'एमपीवाले' आहे. दर गणपतीत कोणीतरी विचारतं, काय एमपीवाले, यंदा वाचणार का.

विचित्र म्हणजे बोललो असतो तर चुकलोच नसतो. समोर कागद आला की डोकं हिंदीची गाडी पकडतं, कारण देवनागरी वाचायला मी हिंदीतूनच शिकलो.

तिलकनगरची_मास्तरीण

हे! अगदी हेच! तोंडाला शब्द येतो, कानाला येतो, कागदावर तो ओळखीचा वाटत नाही. इंग्रजीतला लेड आणि मराठीतलं जात, दोन्हीकडे हाच आजार. आणि तो मराठी घरातल्या मुलाला झालाय, म्हणजे 'आपली लिपी जशी लिहू तशी वाचू' हे कुठे गेलं?

सांगलीची_सून

मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा मला वाटलं होतं इथलं मराठी अगदी मोडकं असेल. तर सासूबाईंचा च आणि ज माझ्यापेक्षा स्वच्छ. 'जरा चुलीवरचं बघ' म्हणतील तेव्हा ऐकत राहावं. आमच्याकडे शहरात आता पोरं 'चूल' सुद्धा चिमणीच्या च ने म्हणायला लागलीत. पण वाक्यरचनेचं बाई विचारू नका, 'पाऊस येऊन राहिलाय', 'मला काम करून घेऊ दे ना मग बघते ना', 'तुला पैसे भेटले का'. पहिलं वर्षभर मला वाटायचं पैसे कुठे कोणाला भेटायला जातात.

मोडीवाले_नाना

सूनबाई, कौतुकाबद्दल धन्यवाद आणि चिमट्याबद्दलही. १८१८ ला मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इथे आली, त्याच्याही आधीपासून इथे मराठी बोललं जातंय. हिंदीच्या गराड्यात इतकी वर्षं टिकवलंय ते हे असं टिकलंय. सांगलीला नदीकाठी बसून टिकवायला काय लागतं?

सांगलीची_सून

नाना मी कौतुकच करत होते हो. आणि नदीकाठी बसून काय लागतं ते पुराच्या वेळी येऊन बघा.

पुण्यात_अडकलेला

नाना तुमच्यासारख्यांमुळेच आम्ही इकडे मार खातो. घरी 'आपण होळकरांचे' आणि शाळेत हिंदी मीडियम. मराठी वाचायला शिकवलं कोणी मला? तुम्ही लोकांनी मोडी जपली, पोरांना बालभारतीचं एक पुस्तक आणून दिलं नाही.

मोडीवाले_नाना

तुझ्या बापाला विचार. मी तुझा ठेका घेतला नव्हता.

सराफा_रात्री_दोन

ओ ओ ओ. बापावर नाही जायचं. अपन तो मजे लेने आये थे.

ऐकून_वाचणारा

मी थोडं वेगळं सांगतो. मला दिसत नाही. फोन मला सगळं वाचून दाखवतो, हा धागासुद्धा आत्ता त्यानेच वाचला. त्याला कान नाहीत आणि डोळेही नाहीत, फक्त आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज. इंग्रजीत 'मी मेल वाचला आहे' यासाठी तो कधी रेड म्हणतो कधी रीड. बातमीत एल-आय-व्ही-ई आलं की कधी लाइव्ह, कधी लिव्ह. पण सुधारतोय, पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा. मराठीत मात्र 'राजवाड्याकडे जात असलेली बस' हे तो अजून असं म्हणतो की बसला जात आहे असं वाटतं. मास्तरीणबाईंचं 'चार पेंढ्या चार' त्याने दोन्ही वेळा चारच म्हटलं, आकड्याचा. मला वाक्य कळायला दोनदा ऐकावं लागलं.

तर इंग्रजी येडी असेल, पण तिच्या येडेपणावर कोणीतरी बसून काम केलंय. आपल्याकडे 'जसं लिहितो तसं बोलतो' म्हणून सगळे निवांत. त्रास मला होतो.

पीथमपूर_बी_शिफ्ट

हा पॉइंट कोणीच काढला नव्हता.

भुट्ट्याचा_कीस

@ऐकून_वाचणारा तुमच्यापुढे मी काही बोलत नाही. तुमचं खरं आहे.

बाकी मास्तरीणबाई, ठीक आहे, मराठीतही दोन-चार शब्द आहेत म्हणायचं, इथे चार कुठला ते तुम्हीच ठरवा. तरी माझा मूळ मुद्दा जागेवरच आहे. मराठीत मला नियम सापडतो. काल बायकोबरोबर बसून बघितलं, चिमणी, जीव, जेवण, चेहरा, म्हणजे पुढे इ किंवा ए आला की आवाज एकच. चंद्र, जन्म, चरण हे संस्कृतचे, तिथेही तोच. घरगुती शब्द, चोर, चूल, पाच, जावई, तिथे दुसरा. निदान पोराला एवढं सांगता येतं. इंग्रजीत असं काय सांगू?

तिलकनगरची_मास्तरीण

म्हणजे बायकोबरोबर बसून तुम्ही मराठीच्या उच्चाराचे नियम काढलेत, काल म्हणत होतात उच्चार एकच आहे. प्रगती आहे. आणि 'चार' आकडा तुमच्या नियमात बसत नाही, घरगुती शब्द असून, तो नानांचा 'य' गिळून बसलाय. म्हणजे अपवाद इथेही आले. रिपोर्टवरून मला बोलत होतात ना सगळे?

पोराला काय सांगू म्हणता, तर सुटा शब्द कधीच पाठ करून घेऊ नका. पूर्ण वाक्य, मोठ्याने, तुम्ही स्वतः वाचून दाखवायचं. आणि वहीच्या समासात शेजारी ओळखीचा शब्द लिहून ठेवायचा, लेडच्या बाजूला ब्रेड, लीडच्या बाजूला बीड, मण्यावाला. टेअरच्या बाजूला बेअर, अस्वलवाला, टिअरच्या बाजूला डिअर. माझ्याकडे येणारी पोरं हेच करतात.

भुट्ट्याचा_कीस

बेअर म्हणालात? बी-ई-ए-आर ना? बेअर, टेअर, पेअर. मग एच-ई-ए-आर हेअर का नाही, हिअर का? ब्रेड झाला तर बी-ई-ए-डी बेड का नाही? समासात काय काय लिहू, वहीला समासच पुरणार नाही.

पण करून बघतो. सोमवारी टेस्ट आहे त्याची. तुमच्यामुळे नापास झाला तर ट्यूशनला तुमच्याकडेच पाठवीन, फुकट.

तिलकनगरची_मास्तरीण

पाठवा. फुकट नाही. पोहे-जिलेबीवर बोलू.

इन्व्हर्टरवाला

ते सगळं ठीक आहे, मला एक सांगा लवकर. दुकानाचा बोर्ड नवीन रंगवायला काढलाय, हिंदीतच असतो, पेंटर आत्ता शिडीवर उभा आहे. 'लीड एसिड बैटरी' लिहू का 'लेड एसिड बैटरी'?

तिलकनगरची_मास्तरीण

लेड.

पीथमपूर_बी_शिफ्ट

लेड. माझ्यासाठी तरी लेड लिहा दादा.

भुट्ट्याचा_कीस

लीड लिहा, बिनधास्त.

मोडीवाले_नाना

शिसे लिहा.

सराफा_रात्री_दोन

नुसतं 'बैटरी' लिहा ना भिया, वाचतंय कोण बाकीचं.

इन्व्हर्टरवाला

त्याने तोवर 'ली' काढून टाकलाय. राहू दे आता, रंगाचे पैसे परत कोण देणार.